आर्ताची हाक : जांब आणि बेथेल

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत पहिले नाव ज्ञान्याचे नाही, आर्ताचे आहे. संकटाने व्याकूळ झालेला, दुसरा आधार न उरलेला जीव हाक मारतो. त्या हाकेलाही भगवंतांनी भक्तीत स्थान दिले. आजच्या रामनवमीस या आर्तभक्तीचे स्मरण करणे उचित ठरेल. कारण आज प्रभू रामचंद्रांचा जन्मोत्सव आहे, तसाच ‘करुणाष्टके’ रचणाऱ्या समर्थ रामदासांचाही जन्मदिवस आहे.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेले जांब हे समर्थांचे जन्मस्थान. शके 1530, म्हणजे इसवी सन 1608 च्या चैत्र शुद्ध नवमीस तेथे नारायण सूर्याजी ठोसर यांचा जन्म झाला. बोहल्यावरून निघून गेलेला हा बालक नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे तपाचरण करीत राहिला. जगाला बलोपासना शिकविणाऱ्या या पुरुषाने करुणाष्टकांत मात्र आपले रडे लपविले नाही. मन आवरत नाही, आप्त पारखे झाले, आता तुझ्यावाचून कोणी नाही, असे त्यांनी रामरायापुढे मोकळेपणाने सांगितले. इकडे जांबेस राणूबाईंनी पुत्राच्या वाटेकडे डोळे लावले व रडून रडून त्यांची दृष्टी गेली, असे परंपरा सांगते. चोवीस वर्षांनी मायलेकरांची भेट झाली.

दगडाची उशी

याच जिल्ह्यात, जालना शहराजवळ, बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. तिचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री. जन्माने ब्राह्मण असलेल्या या गृहस्थांनी 1843 साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे जालन्यास येऊन त्यांनी मुख्यतः दलित समाजात कार्य केले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून वसाहतीसाठी जमीन मिळाली.

‘बेथेल’ या इब्री शब्दाचा अर्थ ‘देवाचे घर’. बायबलात त्याची कथा आहे. भावाच्या क्रोधाला भिऊन घर सोडून पळालेला याकोब रानात एकटाच दगड उशाला घेऊन झोपला. स्वप्नात त्याला पृथ्वीपासून आकाशापर्यंत पोचलेली शिडी दिसली आणि देवाने त्याला अभय दिले. जागा होताच त्याने त्या स्थळाला हे नाव ठेविले. निराधार अवस्थेतील निजेची जागा देवाचे घर ठरली. समाजाने गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या वस्तीला याहून समर्पक नाव कोणते असणार!

परंतु धर्मांतराने दुसऱ्या बाजूसही आर्तता निर्माण केली, हे विसरून चालणार नाही. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला, तेव्हा पित्याला आपल्या अल्पवयीन पुत्रासाठी न्यायालयात जावे लागले. मुलगा परत मिळाला. पण त्याला ज्ञातीत घेण्यास सनातन्यांचा विरोध झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी खटपट करून लोकांचा रोष पत्करला. एक पुत्र दुरावलेला आणि दुसऱ्याला स्वजन स्वीकारीत नाहीत, अशा त्या घरातील देवघरापुढे कोणत्या प्रार्थना झाल्या असतील, याची कल्पना कोणत्याही आईबापास करता येईल.

न टळलेला पेला

ख्रिस्ती उपासनेत दुःखाच्या वेळी मुख्यतः ‘स्तोत्रसंहिते’चा आधार घेतात. तीतील दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे केवळ विलापाची आहेत. देवा, तू कोठे लपलास, किती काळ मला विसरणार, असे भक्त तेथे विचारतो. अशी तक्रार करणे ही अश्रद्धा मानलेली नाही. जो ऐकणारा आहे असा विश्वास असतो, त्याच्याजवळच मनुष्य तक्रार करतो. आपल्या संतांनी विठ्ठलाशी केलेले भांडण ज्यांच्या कानी आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. शब्दही न सुचतील तेव्हा पवित्र आत्माच माणसाच्या कण्हण्यातून प्रार्थना करतो, असे संत पौलाने म्हटले आहे.

या प्रार्थनेचा परमोच्च प्रसंग गेथशेमाने बागेतला. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने हा दुःखाचा पेला टळावा, अशी विनवणी केली आणि लगेच पित्याच्या इच्छेपुढे मस्तक नमविले. जवळचे शिष्य त्या वेळी झोपी गेले होते. गजेंद्राच्या हाकेसरशी भगवान धावून आले. येथे पेला टळला नाही. मात्र प्रार्थनेनंतर तो पिण्याचे बळ आले. दुःख नाहीसे होवो वा न होवो, दुःखात आपण एकटे नाही, ही जाणीव हेच ख्रिस्ती भाविक प्रार्थनेचे फळ मानतात.

अभंगाचा पूल

मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला आपल्या मातीचा सूर दिला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. 1895 साली ते ख्रिस्ती झाले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. सुमारे पाच वर्षांचा तो विरह, लोकांची बोलणी आणि मनाची तडफड यांची हकीकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचताना आजही कंठ दाटून येतो. पुढे 1900 साली त्यांनीही तो धर्म स्वीकारला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्यांची पदे व अभंग मराठी चर्चमध्ये आजही गायिले जातात. उपास्य बदलले, तरी आळविण्याची रीत मराठीच राहिली.

चैत्राच्या सुमारासच बहुधा गुड फ्रायडेही येतो. आज मध्यान्ही पाळण्याची दोरी हाती घेताना, ज्यांच्या घरी यंदा आनंद नाही अशांचीही आठवण ठेवावी. शेजारी कोणी विरहाने, अपयशाने वा शोकाने खचला असेल, तर सुंठवड्याचा प्रसाद घेऊन त्याच्या दारी जावे व घटकाभर त्याच्याजवळ बसावे. गेथशेमानेत शिष्य झोपले. आपण जागे राहावे. आर्ताची हाक देव ऐकतो, ही श्रद्धा खरी. परंतु पुष्कळ वेळा ती हाक त्याने आपल्याच कानांवर घातलेली असते.