हेल्मेटमध्ये इंटरकॉम हवा, पण बोलायचे कोणाशी?

पांढुर्णा आणि सौंसर येथून नागपूरकडे जाणारे दोन्ही रस्ते सावनेरला एकत्र येतात. सकाळच्या वेळी त्या वाटेवरील दुचाकीस्वारांकडे जरा निरखून पाहिले, तर एक दृश्य हमखास नजरेस पडते. हेल्मेटच्या कडेला, गाल आणि अस्तर यांच्यामधील फटीत मोबाइल खोचलेला असतो आणि चालक दोन्ही हात हँडलवर ठेवून निवांतपणे बोलत चाललेला असतो. हात मोकळे आहेत, म्हणजे आपण नियमातही आहोत आणि सुरक्षितही, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात त्या फटीमुळे हेल्मेटची पकड सैल झालेली असते आणि पडण्याचा प्रसंग आलाच, तर काचेचा तो तुकडा गाल व जबडा यांना लागूनच असतो.

हीच गरज नीटनेटकेपणाने भागवणारे साधन म्हणजे हेल्मेटचा इंटरकॉम. काही वर्षांपूर्वीपर्यंत लांब पल्ल्याच्या सफरी करणाऱ्या हौशी मंडळींपुरते असलेले हे उपकरण आता शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवरही दिसू लागले आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले आणि सरकारी कामांसाठी छिंदवाड्याला घालावा लागणारा फेरा कमी झाला. तथापि मोठा दवाखाना, मुलांची शिकवणी, यंत्रांचे सुटे भाग यांसाठी नागपूर गाठणे चुकलेले नाही. ते अंतर अनेक घरांतून आजही दुचाकीवर आणि बहुधा दोघांनी मिळून कापले जाते. म्हणून या उपकरणाची निवड हा आता केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही.

उपकरणाची रचना साधी आहे. हेल्मेटच्या बाहेरील कडेला काडेपेटीएवढे एक युनिट बसते. त्यातून निघणाऱ्या तारा अस्तराखालून दोन चपट्या स्पीकरपर्यंत आणि तोंडाजवळच्या एका माइकपर्यंत जातात. युनिट ब्लूटूथने मोबाइलला जोडले जाते आणि दुसऱ्या हेल्मेटमधील युनिटशी थेटही बोलते. या थेट बोलण्यासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, ही बाब आपल्या भागात विशेष महत्त्वाची. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानी घाटात मोबाइलने साथ सोडली, तरी मागच्या-पुढच्या दोन गाड्यांमधील संभाषण चालू राहू शकते. हे उपकरण ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, तो भारतात परवानामुक्त आहे, त्यामुळे ग्राहकाला वेगळा परवाना काढावा लागत नाही.

दुकानात किंवा संकेतस्थळावर गेल्यावर पहिला प्रश्न समोर येतो तो ‘ब्लूटूथ की मेश’ हा. विक्रेते त्याची सुरुवात किमतीपासून करतात. ग्राहकाने ती वेगळ्या प्रश्नापासून करावी : आपल्याला बोलायचे कोणाशी आहे?

मागच्या आसनावरील व्यक्तीशी बोलायचे असेल, तर अंतर हातभरच असते. तेथे एक किलोमीटर आणि दीड किलोमीटर या आकड्यांना काहीच अर्थ उरत नाही. साध्या ब्लूटूथ इंटरकॉमची जोडी या कामाला पुरेशी आहे. अशी साधी युनिटे काही हजार रुपयांत मिळतात, तर कार्डो, सेना यांसारख्या नामांकित परदेशी कंपन्यांची वरच्या श्रेणीतील उपकरणे वीस-तीस हजारांच्या पुढे जातात. वृद्ध वडिलांना तपासणीसाठी नागपूरला नेणाऱ्या मुलाला ‘जरा थांब, पाय आखडला’ एवढे ऐकू आले, तरी उपकरणाचे सार्थक झाले. त्यासाठी मेशचा खर्च करण्याचे कारण नाही. उरलेला पैसा मागच्या व्यक्तीच्या चांगल्या हेल्मेटवर घालावा, कारण आपल्याकडे इंटरकॉमच्या जोडीतील दुसरे युनिट लावायला दुसरे हेल्मेटच नसते, ही खरी अडचण आहे.

तीन-चार गाड्यांचा गट असेल, तर चित्र पालटते. ब्लूटूथची जुनी पद्धत साखळीसारखी असते. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी जोडलेला. मधला गडी पेट्रोल भरायला थांबला किंवा वळणाआड गेला, की साखळी तुटते आणि पुन्हा जोडणी करावी लागते. मेश पद्धतीत प्रत्येक युनिट जवळच्या सर्व युनिटांशी एकाच वेळी संपर्क ठेवते. एक जण बाहेर पडला तर आवाज दुसऱ्या वाटेने पोहोचतो आणि तो परत टप्प्यात आला की आपोआप सामील होतो. कार्डोने ही पद्धत २०१५ मध्ये दुचाकीस्वारांसाठी बाजारात आणली आणि पुढे सेनानेही आपली मेश काढली. बंगळूरच्या ब्लूआर्मर या भारतीय कंपनीचीही मेश असलेली उपकरणे उपलब्ध आहेत. श्रावणात नागद्वारीच्या यात्रेसाठी पचमढीकडे किंवा थंडीत तामिया-पातालकोटकडे आठ-दहा गाड्यांनी निघणाऱ्या तरुणांना मेशचा उपयोग खरोखर आहे. मात्र एक मेख लक्षात ठेवावी. एका कंपनीची मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी सहसा बोलत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे ब्लूटूथने जोडता येतात, परंतु त्यात मेशचा फायदा जातो आणि काही उपकरणांत मोबाइलसाठी राखलेली वाहिनीच त्या कामी खर्ची पडते. तेव्हा सर्वोत्तम उपकरण कोणते, यापेक्षा आपल्या मित्रमंडळींकडे कोणते आहे, हे आधी विचारणे शहाणपणाचे.

खोक्यावरील पल्ल्याच्या आकड्यांबद्दलही दोन शब्द. ते मोकळ्या, सपाट, अडथळा नसलेल्या जागेचे असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी डोंगर, दाट झाडी आणि मोठी वाहने यांच्यापुढे लवकर हतबल होतात. चौपदरी महामार्गावर एक किलोमीटर ऐकू येणारा आवाज घाटाच्या दुसऱ्याच वळणावर तुटला, तर उपकरण सदोष आहे असे समजू नये.

उरतो तिसरा पर्याय, म्हणजे मोबाइलवरून घरी किंवा कार्यालयात बोलणे. बहुसंख्य ग्राहक इंटरकॉम याच कामासाठी घेतात आणि धोका सर्वांत अधिक येथेच आहे. हात मोकळे असले म्हणजे मन मोकळे असते असे नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहनचालनाच्या कृत्रिम यंत्रावर यासंबंधी अनेक प्रयोग केले. हातात न धरता केलेले फोनवरील संभाषणही चालकाचे लक्ष विचलित करते, असे त्यांत आढळले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात शेजारी बसलेल्या व्यक्तीशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांची तुलना होती. ठरलेल्या ठिकाणी रस्ता सोडून वळायचे एवढेच काम चालकांना दिले होते. फोनवर बोलणाऱ्यांपैकी कितीतरी जण ते वळण चुकले, शेजाऱ्याशी बोलणारे बहुतेक जण मात्र नीट वळले. कारण उघड आहे. शेजाऱ्याला रस्ता दिसतो. समोर अडचण आली की तो बोलणे थांबवतो किंवा ‘अरे, पुढे बघ’ म्हणतो. फोनवरच्या माणसाला संत्र्यांनी भरलेला ट्रक अचानक डावीकडून बाहेर आल्याचे कळत नाही. तो आपला हिशेब विचारतच राहतो.

हा निष्कर्ष इंटरकॉमला लावला, तर मागे बसलेल्याशी वा सोबतच्या गाडीवरील मित्राशी बोलणे तुलनेने कमी धोक्याचे, कारण ते त्याच रस्त्यावर असतात. येणारे फोन मात्र आपोआप उचलले जाण्याची सोय बंद ठेवावी. ती बहुतेक उपकरणांच्या अ‍ॅपमध्ये बंद करता येते. मार्गदर्शनाचा आवाज तेवढा चालू असावा आणि घाटात नेटवर्क जाणार हे गृहीत धरून नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा. आवाजी आज्ञांची जाहिरात पाहून भुलू नये. त्या बहुधा इंग्रजीत द्याव्या लागतात आणि आपल्या वऱ्हाडी वळणाच्या इंग्रजीला ते यंत्र काय उत्तर देईल, ते सांगता येत नाही!

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट आवश्यक आहे. ते नसल्यास कलम १९४ ड मध्ये एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. चार वर्षांखालील मुलांसाठीच्या हेल्मेटचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला असून मूल सोबत असताना वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे. वाहन चालवताना हातात धरून वापरायच्या संपर्कसाधनाचा समावेश कलम १८४ मधील धोकादायक वाहनचालनात होतो. हेल्मेटला बसवलेले युनिट हातात धरायचे साधन नाही, हे खरे. परंतु बोलण्याच्या नादात गाडी धोकादायक रीतीने चालवली, तर त्याच कलमाखाली कारवाईला वाव राहतो.

कायद्याहून बोलके आकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आहेत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. म्हणून खरेदीचा क्रम हेल्मेट आधी, इंटरकॉम नंतर असाच असला पाहिजे. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हे मानक बंधनकारक आहे. रस्त्याच्या कडेला शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या टोपीवर हजारोंचे उपकरण चढवणे म्हणजे मातीच्या भिंतीला सागवानी दार लावण्यासारखे आहे.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचे असेल, तर इंटरकॉमचे काम सोपे होते. हनुवटीच्या आतील बाजूस तारेचा छोटा माइक चिकटतो आणि वाऱ्यापासून तो सुरक्षित राहतो. अर्ध्या हेल्मेटला दांडीचा माइक लागतो आणि वाऱ्याचा घोंगाट थेट त्यात शिरतो. उन्हाळ्यात आपल्याकडे तोंडाला रुमाल किंवा ओढणी गुंडाळण्याची रीत आहे. ते कापड माइकवर आले तर उलट फायदाच होतो, कारण वारा अडतो. कान मात्र त्याच कापडाखाली गेले, की स्पीकरचा आवाज मंद होतो.

इंटरकॉमबद्दलच्या निम्म्या तक्रारी आवाजाच्या असतात आणि त्यांतील पुष्कळशा उपकरणाच्या नसून बसवण्याच्या असतात, असे आमचे मत आहे. स्पीकर कानाच्या छिद्रासमोर नेमका हवा. बोटभर पुढे-मागे झाला, तरी आवाज पातळ वाटतो. अस्तर काढून स्पीकरसाठी खोलगट जागा आहे का, हे हेल्मेट घेतानाच पाहावे. ती नसल्यास स्पीकर कानाला रुततो आणि तासाभरात डोके ठणकू लागते. अशा वेळी काही कारागीर चाकूने आतील थर्माकोल कोरून जागा करून देतात. हे कदापि करू देऊ नये. आघाताची ऊर्जा शोषून घेणारा भाग तोच असतो.

वेगाचाही येथे संबंध येतो. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आतील वाऱ्याचा आवाज ९५ डेसिबलच्या घरात किंवा त्याहून वर जातो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सहन करावा आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी करावी, असा अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक आहे. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला एकच तास उरतो. वाऱ्यावर मात करण्यासाठी स्पीकरचा आवाज वाढवला, की हा तासही आक्रसतो. शिवाय मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईनासा होतो, ते वेगळेच. संगीत ऐकण्याच्या मोहाला येथे आवर घालणेच बरे.

आपल्या हवामानाची कसोटी कठोर आहे. पावसासाठी आयपी ६७ हे मानांकन पाहावे. त्यातील पहिला आकडा धुळीपासून पूर्ण संरक्षण सांगतो, तर दुसरा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकाव धरण्याचे. चार्जिंगच्या छिद्रावरील रबरी झाकण उघडे राहिले, तर या मानांकनाचा उपयोग नाही. मे महिन्यातील उन्हात हेल्मेट पेट्रोलच्या टाकीवर किंवा आरशाला लटकवून ठेवू नये, कारण लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. गाडीवरून उतरल्यावर तापलेले युनिट लगेच चार्जिंगला लावणेही टाळावे.

शेवटी खरेदीविषयी. बहुतेक कंपन्यांची सेवा केंद्रे आपल्या दोन्ही गावांत नाहीत, बिघाड झाला तर उपकरण कुरिअरने पाठवावे लागते. त्यामुळे हमीचा कालावधी, जाण्या-येण्याचा खर्च कोणाचा आणि जुनी बॅटरी बदलून मिळते का, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावेत. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. ते नसेल तर हमीही नाही. माल ऑनलाइन मागवला असेल आणि विक्रेता दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. दुकानातून घेत असाल, तर युनिट आपल्याच हेल्मेटवर बसवून घ्यावे, ते डोक्यावर ठेवून पंधरा मिनिटे तेथेच बसावे आणि कान दुखला नाही, तरच पैसे मोजावेत.