पिवळा धोत्रा : खसखशीचें रानटी भावंड

दिवाळीचे अनारसे ज्या खसखशीवर थापतात, ती खसखस म्हणजे अफूच्या बोंडांतली बी होय, हें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. अफूचें पीक आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशांत, मंदसौर-नीमचच्या बाजूस, सरकारी परवान्यानें घेतात. परवान्यावांचून तें लावणें हा १९८५ च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. परंतु त्याच कुळांतलें एक रानटी झुडूप कोणाचाहि परवाना न मागतां आपल्या अंगणापर्यंत येऊन पोंचलें आहे. धंतोलीसारख्या जुन्या वस्तींत रेल्वेमार्गाची कडा, नाग नदीचा कांठ, पाडलेल्या घराची मोकळी जागा, बांधकामासाठीं उपसलेल्या मातीचा ढीग, असें एखादें उघडें ठिकाण शोधून हिंवाळ्यांत तें डोकें वर काढतें. त्याला आपण पिवळा धोत्रा, कांटे धोत्रा किंवा बिलायत म्हणतों. आज त्याची थोडी शास्त्रीय ओळख करून घ्यावयाची आहे. ही ओळख केवळ कुतूहलाची नव्हे. ती नसल्यामुळें आपल्या देशांत अनेक माणसें प्राणांस मुकलीं आहेत.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. याला धोत्रा म्हणत असले तरी महादेवाला वाहतात त्या धोतऱ्याचा आणि याचा कांहींएक आप्तसंबंध नाहीं. खरा धोत्रा हा वांगें, बटाटा, टोमॅटो यांच्या कुळांतला. दोघांचीं फळें कांटेरी आणि दोघेहि विषारी, एवढ्याच साम्यावरून लोकांनीं एकाचें नांव दुसऱ्याला दिलें. हिंदी भाषिक शेजारी याला सत्यानाशी म्हणतात, आणि तें नांव त्याच्या गुणाला अधिक शोभतें. कित्येकजण त्याला प्राचीन वैद्यक ग्रंथांतली स्वर्णक्षीरी समजतात, कारण त्याचा चीक सोन्यासारखा पिवळा असतो. पण हें झाड मूळचें मेक्सिको आणि वेस्ट इंडीजकडचें आहे. १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेस पोंचण्यापूर्वीं तें या भूमींत असणें शक्य नव्हतें. तेव्हां प्राचीन आचार्यांची स्वर्णक्षीरी ही दुसरीच कोणती तरी वनस्पति असली पाहिजे. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यानें १७५३ सालीं याला आर्जिमोनी मेक्सिकाना असें शास्त्रीय नांव दिलें. त्यांतला पहिला शब्द डोळ्यांत पडणाऱ्या फुलाच्या ग्रीक नांवावरून आला आहे. अशा नांवांवर विसंबून या झाडाचा चीक कोणींहि डोळ्यांत घालूं नये, हें येथेंच सांगून ठेवतों.

आतां त्याची अंगलट पाहूं. हें एका हंगामांत जन्मून त्याच हंगामांत मरणारें, दोन-तीन फूट वाढणारें झुडूप आहे. पानांना देठ नसतो. तीं खोडाला कवटाळून बसतात. त्यांच्या कडा खोल कातरलेल्या असून प्रत्येक दांत्याच्या टोंकाला तीक्ष्ण कांटा असतो. पानाचा रंग निळसर हिरवा, आणि शिरांवर चुन्याचीं बोटें ओढावीं तसे पांढरे पट्टे. पान किंवा खोड मोडलें कीं पिवळा चीक बाहेर येतो. अफूच्या बोंडाला चीर दिली असतां दुधासारखा पांढरा चीक येतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे चिकाचा हा वारसा दोघांनाहि एकाच घराण्यांतून मिळाला आहे हें उमगतें. या घराण्याला मराठींत अहिफेन कुल म्हणतात. मात्र पिवळ्या धोतऱ्याच्या चिकांत अफूंतलें मॉर्फीन नसतें.

कुळाची खरी खूण फुलांत दिसते. कळीवर तीन हिरवीं आवरणें असतात, आणि प्रत्येकाच्या टोंकाला लहानसें शिंग असतें. फूल उमलूं लागतांच हीं आवरणें गळून पडतात. म्हणून उमललेल्या फुलाखालीं हिरवा पेला शोधूं गेल्यास तो सांपडत नाहीं. पाकळ्या बहुधा सहा, तीन-तीनांच्या दोन वर्तुळांत. कळींत त्या चुरगळून ठेवलेल्या रेशमी वस्त्रासारख्या असतात, आणि उमलल्यावरहि त्यांवरच्या सुरकुत्या सर्वस्वीं जात नाहींत. मध्यभागीं पुष्कळ पिवळे पुंकेसर, आणि त्यांच्या मधोमध तांबडट रंगाची कुक्षी. या फुलांत मध नसतो. मधमाशा येतात त्या परागासाठीं. त्या न आल्या तरी अडत नाहीं, कारण स्वतःच्याच परागानें फळ धरण्याची शक्ति या फुलाच्या अंगीं आहे. परक्या मुलखांत एकटें रोप जाऊन पडलें तरी त्याचा वंश वाढतो, याचें एक रहस्य हेंच.

फळ म्हणजे कांटेरी, लांबट बोंड. यूरोपांतल्या तांबड्या रानखसखशीचें बोंड आपल्या टोपीखालच्या बारीक छिद्रांतून बी शिंपडतें; याचें बोंड पिकल्यावर टोंकाशीं चार ते सहा फांकांनीं उकलतें. एकेका बोंडांत तीन-चारशें बिया निघतात. या बिया काळसर, गोल आणि मोहरीएवढ्या असतात. श्रोतेहो, 'मोहरीएवढ्या' हा शब्द कृपा करून ध्यानांत ठेवावा. पुढील सारा अनर्थ त्या एका शब्दांत सांठला आहे.

हें झाड नेमकें कोठें आणि केव्हां उगवतें, हाहि विचार करण्यासारखा आहे. याची बी झडते ती हिंवाळा संपून उन्हाळा लागतांना. झडलेली बी लगेच रुजत नाहीं. ती कांहीं काळ निद्रिस्त असते. पावसाळ्यांत पडीत जागेवर तरोट्यासारख्या तणांचें राज्य असतें. त्या गर्दींत ही बी उतरत नाहीं. पाऊस ओसरला, रात्री थंड होऊं लागल्या आणि पावसाळी तण वाळूं लागलें, कीं मग ती अंकुर टाकते. आपली काळी जमीन पावसाची ओल पुढें कित्येक आठवडे धरून ठेवते, आणि तेवढी ओल या रोपाला पुरते. प्रथम पानांचें चक्र जमिनीलगत पसरतें. खालीं एक सरळ सोटमूळ खोल जातें. मग मधला दांडा वर येतो, आणि थंडी सरतांना फुलें येऊं लागतात. नागपूरचा वैशाख पेटेपर्यंत झाड वाळून गेलेलें असतें. पण त्याच्या आधींच त्याची बी मातींत पोंचलेली असते.

त्याच्या गरजा थोड्या, पण ठाम आहेत. त्याला भरपूर ऊन हवें आणि उकरलेली, उघडी माती हवी. दाट गवतांत किंवा गर्द सावलींत तें टिकाव धरीत नाहीं. जमीन निकस असली तरी त्याची तक्रार नसते. कांटे आणि कडू चीक यांमुळें गुरें त्याला तोंड लावीत नाहींत. म्हणून जेथें गुरांनीं बाकीचें सारें खाऊन टाकलें, तेथें हेंच एकटें डौलानें उभें राहतें. खोल गाडली गेलेली बी वर्षानुवर्षें जिवंत राहते, आणि कोणी माती उकरून ती वर आणली कीं जागी होते. हा स्वभाव त्याच्या यूरोपीय भावंडाचाहि आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत फ्लँडर्सच्या रणभूमीवर जें तांबड्या खसखशीचें रान माजलें, त्याचें कारण हेंच होतें. तोफगोळ्यांनीं आणि खंदकांनीं माती उलथली, आणि निजलेलें बियाणें उठून बसलें. आमच्याकडे तोफांची जरूर नसते. घराचा पाया खणला, नाल्याचा गाळ कांठावर टाकला, वावराचा धुरा उकरला, म्हणजे पुरे. ज्या जागेला माणसाचा हात लागला आणि मग जिची काळजी कोणीं घेतली नाहीं, ती जागा पिवळ्या धोतऱ्याची.

आतां मोहरीकडे वळूं. मोहरी हें रब्बीचें पीक. तिच्याच हंगामांत, तिच्याच शेतांत पिवळा धोत्रा वाढतो. मोहरी कापतांना त्याचीं आधीं पिकलेलीं बोंडें तिच्याबरोबर खळ्यावर येऊं शकतात. पण नकळत होणाऱ्या या मिसळीहून मोठा धोका जाणूनबुजून केलेल्या भेसळीचा आहे. फुकट गोळा होणारी ही बी तेलानें समृद्ध असते, आणि तिचें तेल मोहरीच्या तेलांत सहज लपतें. त्या तेलांत सँग्विनरीन नांवाचें विषारी द्रव्य असतें. अमेरिकेंत याच अहिफेन कुलांतली एक वनस्पति आहे. तिच्या नांवावरून या द्रव्याला हें नांव मिळालें.

हें तेल पोटांत गेल्यानें जो विकार होतो त्याची साथ प्रथम १८७७ सालीं कलकत्त्यास नोंदली गेली. दोन्ही पायांना सूज येते आणि बोटानें दाबल्यास खळगा पडतो. कातडी लाल होऊन तिची आग होते. जुलाब होतात, धाप लागते. कित्येकांच्या डोळ्यांत कांचबिंदू उद्भवतो, आणि हृदय थकून मृत्यूहि ओढवतो. एकाच घरांतलीं अनेक माणसें एकदम आजारी पडत, पण अंगावर पिणारें मूल बहुधा सुखरूप राहत असे. कोणीं सडक्या तांदळाला दोष दिला, कोणीं जंतूंचा संशय घेतला. शेवटीं १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याच्या संशोधकांनीं, आणि त्यांत डॉ. रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं, दोष पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाचा आहे हें प्रयोगानें सिद्ध केलें. एवढें कळूनहि साथी थांबल्या नाहींत. १९९८ सालीं दिल्लींत सुमारे ३,००० माणसें या विकारानें आजारी पडलीं आणि ६० हून अधिक दगावलीं. त्यानंतर सुट्या मोहरीच्या तेलाच्या विक्रीवर बंदी घालण्यांत आली. शेंकडा १ एवढ्या भेसळीनेंहि हा विकार होऊं शकतो.

विदर्भांतल्या जुन्या घरांतून जवस, शेंगदाणा, तीळ, करडई यांचीं तेलें वापरांत होतीं, म्हणून आम्हांस हा धोका दूरचा वाटतो. पण आपल्या धंतोलींत पिढ्यान्‌पिढ्या बंगाली कुटुंबें नांदत आहेत, उत्तरेकडूनहि पुष्कळ मंडळी नागपुरांत स्थायिक झालीं आहेत, आणि त्यांच्या स्वयंपाकाचा प्राण मोहरीचें तेल हाच आहे. शिवाय फोडणीची मोहरी तर प्रत्येक मराठी घरांत नित्य लागते. तेव्हां गृहिणींनीं एक सोपी परीक्षा शिकून घ्यावी. चिमूटभर मोहरी पांढऱ्या ताटलींत पसरावी. मोहरीचा दाणा हाताला व डोळ्याला गुळगुळीत लागतो. धोतऱ्याचा दाणा अधिक काळा आणि खरखरीत असतो, व भिंगांतून पाहिल्यास त्यावर जाळीसारखी नक्षी दिसते. संशयित दाणा चिरडावा : मोहरी आंतून पिवळी निघते, धोत्रा पांढरा निघतो.

तेलाची परीक्षा मात्र घरीं करण्यासारखी नाहीं. प्रयोगशाळेंत तेलांत तीव्र नत्राम्ल घालून हलवितात, आणि आम्लाचा थर तांबूस झाला तर भेसळीचा संशय धरून पुढील सूक्ष्म तपासणी करतात. घरीं एवढेंच करावें कीं, मोहरीचें तेल मोहोरबंद डब्यांतलें व नांवनिशाणी असलेलें घ्यावें. स्वस्त मिळतें म्हणून सुटें घेऊं नये. नेहमींच्या स्वयंपाकाच्या उष्णतेनें विष जळून जाईल या भरंवशावरहि राहूं नये. आणि एकाच घरांतल्या दोघां-तिघांचे पाय एकदम सुजूं लागले, तर प्रथम तें तेल बंद करावें, तत्काळ वैद्यकीय उपचार घ्यावे, आणि उरलेलें तेल फेंकून न देतां तपासणीसाठीं राखून ठेवावें. या विषावर उतारा असा नाहीं. तेल किती लवकर थांबलें यावर पुष्कळ अवलंबून असतें.

अंगणांत किंवा शेजारच्या मोकळ्या जागेंत हें रोप दिसल्यास, पानांचें चक्र जमिनीलगत आहे तोंवरच, हाताला जाड फडकें गुंडाळून, तें मुळासकट उपटावें. बोंड उकलल्यानंतर उपटणें म्हणजे बी पेरण्यास मदत करणें होय. आणि उपटलेली जागा उघडी ठेवूं नये. तेथें दुसरें कांहीं लावावें, निदान गवत तरी वाढूं द्यावें. भरलेल्या जमिनींत पिवळ्या धोतऱ्याला थारा नसतो.

शेवटीं या झुडपाच्या बाजूनेंहि एक शब्द बोलला पाहिजे. सातासमुद्रांपलीकडून आलेलें हें रोप आपल्या टाकून दिलेल्या जमिनीवर आपला जन्म काढतें. त्याचे कांटे, चीक आणि विष हें सारें त्याच्या स्वसंरक्षणासाठीं आहे. तें आपण होऊन कोणाच्या ताटांत येत नाहीं. त्याला तेथवर नेतो तो माणसाचा निष्काळजीपणा किंवा माणसाचा लोभ, आणि या दोहोंपासून बचाव करण्यासाठीं प्रथम त्याला ओळखतां आलें पाहिजे. येत्या हिंवाळ्यांत रस्त्याच्या कडेला तें पिवळें फूल दिसेल तेव्हां त्याच्या सहा पाकळ्या मोजाव्या, पानांवरचे पांढरे पट्टे पाहावे, आणि हीच ती बी हें मुलांना सांगावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.