म्हैस, नोटीस आणि दीड हजार रुपये

१९८६ साली बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत मी शेतकी अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा माझ्या पिशवीत कागदपत्रांबरोबर एक चिमटा असे. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला ठोकण्याचा. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. २ ऑक्टोबर १९८० पासून तो देशातल्या सगळ्या विकासगटांत लागू झाला होता आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला त्यातून कर्ज व अनुदान मिळे. शेतमजूर असेल तर अनुदान एक तृतीयांश. मात्र पैसा त्याच्या हातात पडत नसे. गरिबाच्या हाती रोकड दिली की तो ती लग्नात नाही तर दारूत घालवणार, हे आम्हा सगळ्यांना पाठ होते. म्हणून म्हैस द्यायची. म्हैस काही पिता येत नाही.

त्या वर्षी एका तांबड्या मातीच्या घरात मी अशी म्हैस दिली. बाजारातून समितीने निवडली, मी बिल्ला ठोकला, फोटो निघाला. घरधनी ऊसतोड कामगार, जमीन नावापुरती. चार महिन्यांनी तपासणीला गेलो तर गोठा रिकामा आणि घराला कुलूप. शेजारी म्हणाला, म्हैस निम्म्या किमतीत विकून ते कारखान्यावर गेले. मी तिथेच, ओट्यावर बसून, अहवालात लिहिले : ‘कर्जाचा गैरवापर. हेतुपुरस्सर थकबाकीदार.’ नोटीस काढली. त्या लिहिण्यात मला काही चुकीचे वाटले नाही, हे आज कबूल करायला हवे.

एक साधा प्रश्न आम्ही कुणीच विचारला नव्हता. दिवाळीनंतर नवरा-बायको सहा महिने तोडीला जाणार, तर म्हशीला चारा कोण घालणार?

पुढे १९९० मध्ये केंद्र सरकारने दहा हजारांपर्यंतची ग्रामीण थकीत कर्जे माफ केली. हेतुपुरस्सर थकवणारे मात्र त्यातून वगळलेले होते. माझी ती एक ओळ त्या कुटुंबाच्या आड आली. माफी शेजाऱ्याला मिळाली, त्यांना नाही. तोवर माझी बदली झाली होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका जुन्या सहकाऱ्याच्या घरच्या लग्नासाठी त्या भागात गेलो. विधानसभेचे मतदान होऊन दोन दिवस झाले होते आणि गावोगावी ट्रक लागले होते. त्या घराशी पाय आपोआप थांबले. अंगणात कोपीसाठी पत्रे, बोचकी, भांडी, कोयते असा सगळा संसार बांधून ठेवलेला. म्हातारीने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि म्हणाली, “म्हशीचे सायेब ना तुमी?”

अडतीस वर्षांनंतर माझी ओळख एवढीच उरली होती.

मालक वारले होते. बँकेचे पैसे भागवायला हातातले चांदीचे गोट मोडले, हे तिने चहा देता देता सांगितले. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ऐकणे अधिक जड गेले. मी म्हणालो, “मावशी, चूक माझी होती.” ती म्हणाली, “तवा कुनाला काय कळत हुतं.”

आता कोयता मुलाचा आणि सुनेचा आहे. ऊसतोडीत जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. या घराने त्या साली लाखभर रुपये उचलले होते. ते हंगामभर राबून फेडायचे, न फिटल्यास बाकी पुढच्या हंगामावर.

मी हळूच पाहिले तर बांधाबांधीत मुलीचे दप्तर नव्हते. आठवीतली नात आजीजवळ राहणार होती. आदल्या वर्षापर्यंत ती आईबापाबरोबर फडावर जात असे, भाकरी थापायला आणि धाकट्याला सांभाळायला. मधल्या काळात असे काय झाले, हे विचारल्यावर सूनबाईंनी पदराला हात पुसत हिशेब सांगितला.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे पैसे जुलै २०२४ पासून लागू झाले, महिन्याला दीड हजार. राखी पौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे तीन हजार एकदम जमा झाले. निवडणुकीआधी नोव्हेंबरपर्यंतचे पाचही हप्ते मिळून साडेसात हजार. म्हातारीला श्रावणबाळ योजनेचे दीड हजार निराळे. म्हणजे दोघी मागे राहिल्या तरी त्यांचे मीठ-पीठ भागणार होते.

पहिले तीन हजार थेट किराणा दुकानाच्या वहीत गेले. उधारी मिटली तसा दुकानदाराचा सूर बदलला. उधारीवर असताना जो भाव लावील तो मुकाट्याने द्यायचा, आता रोख देताना घासाघीस करता येते. दहा रुपयांच्या पुडीऐवजी किलोने साखर येते. गरिबीत सगळे महाग का पडते, हे मला बँकेतल्या इतक्या वर्षांत कुठल्याही प्रशिक्षणात सांगितले नव्हते. त्यानंतरच्या पैशांतून नातीचा चष्मा झाला. तिला फळ्यावरचे दिसत नव्हते आणि घरात सगळ्यांना वाटत होते की पोरीचे डोके अभ्यासात चालत नाही. आणखी काही जोडून शेळीची एक पाट घेतली. कुणी समिती नेमली नव्हती. म्हातारी घरी राहणार, मग शेळी सांभाळता येईल, हा हिशेब त्यांनीच केला.

एका हप्त्यातले पाचशे नवऱ्याने मागितले. “दिले. काय केलं ते इचारलं न्हाई,” सूनबाई म्हणाल्या आणि हसल्या. आमची जुनी शंका अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण त्या पाचशांसाठी आम्ही चष्माही अडवून धरला होता.

मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या आठ गावांत २०११ ते २०१३ या काळात ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने ‘युनिसेफ’च्या मदतीने असाच प्रयोग केला होता. प्रौढ माणशी महिना दोनशे, मुलामागे शंभर, वर्षभराने तीनशे आणि दीडशे. अट काहीच नाही. तिथेही लोकांनी जनावरे घेतली, कर्ज कमी केले, मुले शाळेत टिकली आणि दारूचा खप वाढल्याचे आढळले नाही. तो अहवाल मी निवृत्तीनंतर वाचला. तीस वर्षे आधी वाचायला हवा होता, पण तेव्हा तो नव्हता आणि असता तरी मी मानला नसता.

मी जुनी कर्जव्यवस्था वाईट आणि ही चांगली असा निवाडा देत नाही. हप्ता कधी येईल, याची तारीख कुणी सांगत नाही. निवडणुकीनंतर डिसेंबरचा हप्ता महिना संपत आल्यावर आला. मधल्या दिवसांत त्या नातीने दोनदा मला फोन केला, “बाबा, पैसे कधी पडतील?” आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला उत्तर देता आले नाही. मुकादम मागाल त्या दिवशी पैसे देतो, ही त्याची खरी ताकद आहे. दीड हजार आले तरी महिना कळल्याशिवाय त्यावर घर कसे बांधणार?

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. नवऱ्याचे आधारही लागणार होते, आणि तोडीला जायची वेळ जवळ येत होती. कोयता धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, साध्या अंगठ्यालाही यंत्र दाद देत नाही. इथे मोबाइलवर येणारा आकडा टाकायचा होता. ते काम नवव्या इयत्तेतल्या त्या चष्मेवाल्या मुलीने केले. आईचे झाल्यावर आळीतल्या आणखी बायकांचेही.

त्या दिवाळीतही मुकादम दारात येऊन बसला. कोयता सुटलेला नाही. पण उचल किती घ्यायची यावरून घरात पहिल्यांदाच भांडण झाले, असे मुलीने फोनवर सांगितले. बाप लाखावर अडून बसला होता. आई म्हणत होती, ऐंशी पुरे. शेवटी ऐंशी घेतले.