न्हावऱ्यात घर बांधायचंय? हिरवाई आणि रान यांतला फरक आधी ओळखा

गैरसमज: निसर्गाजवळ राहायचं तर मुळशी-मावळातच जागा पाहावी. शिरूर-दौंडकडे काय, नुसता दुष्काळ.

वस्तुस्थिती: या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढ्यावर घनदाट जंगल वाढत नाही, गवताळ माळ वाढतो आणि तोच इथला अस्सल रानवा. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल यांना मोकळं गवतच हवं असतं. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेलं आहे, पण ते जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. बाकीचे प्राणी अभयारण्याबाहेर, गायरानांवर आणि वनखात्याच्या उघड्या जमिनींवर जगतात. या माळाला ‘पडीक’ म्हणणं मला मनापासून चुकीचं वाटतं. त्यावर दाट झाडं लावली की गवत जातं आणि गवतावर जगणारेही जातात.

गैरसमज: शिवार हिरवंगार दिसतंय, म्हणजे निसर्ग जवळ आहे.

वस्तुस्थिती: कालव्यांचं पाणी आलं, न्हावऱ्यात घोडगंगा साखर कारखाना उभा राहिला, ऊस वाढला. पण ऊस हे एकच पीक आहे. माळावरच्या पाखरांना त्यात थारा नाही. बिबट्याला मात्र आहे: वर्षभर आडोसा, पाणी, वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या.

गैरसमज: बिबट्या जंगलातून वाट चुकून येतो, धरून लांब सोडला की प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती: उसातले कित्येक बिबटे उसातच जन्मलेले असतात. तोडणीच्या वेळी फडात बछडे सापडतात, ते त्यामुळेच. पकडलेला बिबट्या सोडल्या जागी राहीलच असंही नाही. शेजारच्या पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या २००९ मध्ये माळशेज घाटात सोडला, तर तो चालत मुंबईच्या वेशीवर पोहोचला. जुन्नर भागात पकडून इतरत्र सोडण्याचा धडाका लागला, त्या काळात माणसांवरचे हल्ले वाढल्याचं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. शिवाय रिकामी जागा दुसरा बिबट्या घेतो.

म्हणून धोका नाही, असं मात्र कुणी समजू नये. शिरूरच्याच पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हल्ल्यांत लहान मुलं गेली. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला ही भीती रोजची आहे. तेव्हा जागा पाहताना ऊस घराच्या भिंतीपासून किती दूर आहे, अंगणात उजेड आहे का, गोठा वरूनही बंद होतो का, संडास घरात आहे का, हे आधी विचारा. मुलांना संध्याकाळी एकटं सोडू नका.

मग माळाची चौकशी करा. पायी जाता येईल असं गायरान कुठे आहे, हे गावनकाशावर आणि मेंढपाळांकडून कळेल. राहायला गेल्यावर पाळलेली कुत्री मोकळी सोडू नका; जमिनीवरची घरटी आणि चिंकाऱ्याची पाडसं त्यांच्या तोंडी सहज सापडतात.