पिशवी निघाल्यावर पोट कसं वागेल? अंदाज आधीच घेता येतो



ज्या विषयावर आपण गटाच्या बैठकीतही हळू आवाजात बोलतो, तोच विषय या अंकात घेतला आहे. पोटावर शौचाची पिशवी असलेल्या बाया आपल्या गावांतही आहेत. कुणाला गुदाशयाचा कॅन्सर झालेला असतो, कुणाचं आतडं टायफॉइडनं किंवा टीबीनं फुटलेलं असतं, कुणाच्या आतड्याला पीळ पडलेला असतो. अशा वेळी डॉक्टर आतड्याचं तोंड पोटावर काढतात. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी लावतात. बऱ्याच जणींची पिशवी काही महिन्यांपुरतीच असते. आतला जोड भरून आला की दुसरं ऑपरेशन करून आतडं परत आत घालतात.

घरातले सगळे त्या दिवसाची वाट बघत असतात. "एकदा पिशवी निघाली की सगळं पहिल्यासारखं," असं म्हणतात. पण प्रत्येकीचं तसं होत नाही. काहींना दिवसातून आठ-दहा वेळा संडासला धावावं लागतं. जाऊन आलं की पंधरा मिनिटांत परत कळ येते. वारा सरतोय की पातळ होतंय, तेच कळत नाही. मग ती बाई मजुरीला जायचं टाळते, एसटीत बसायला घाबरते, बैठकीला येईनाशी होते. विचारलं तर "बरं नाही" एवढंच सांगते. तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

तिचं काही चुकलेलं नसतं. हा त्रास डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. कुणाला तो जास्त होण्याची शक्यता आहे, हे बऱ्याच अंशी आधी सांगता येतं. आधी कळलं तर तयारी करता येते, म्हणून हे समजून घेऊ.

असं का होतं?

आतड्याच्या शेवटी गुदाशय असतो. तो म्हणजे घरामागचा हौद समजा. मोटारीचं पाणी हौदात साठतं आणि आपण लागेल तेव्हा तोटी सोडतो. गुदाशयातही शौच साठतं, आणि खालचा स्नायू तोटीसारखा ते धरून ठेवतो. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये हा हौद बराचसा काढावा लागतो आणि वरचं आतडं सरळ खाली जोडतात. आता साठवायला जागाच उरत नाही. थोडं आलं की लगेच कळ येते. त्यात तोटीही सैल झाली असेल तर थांबवणं अवघड जातं.

पिशवी असते तोवर यातलं काहीच कळत नाही, कारण शौच तिथपर्यंत पोचतच नाही. पिशवी बंद झाल्यावरच त्रास दिसतो. म्हणून लोकांना वाटतं की दुसऱ्या ऑपरेशननंच बिघडवलं. मूळ कारण बहुतेक वेळा पहिल्या आजारात आणि त्याच्या उपचारात असतं.

टायफॉइडनं लहान आतडं फुटलं म्हणून पिशवी लावली असेल, तर हौद जागेवरच असतो. अशा बाईला हा त्रास सहसा कमी होतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: माझा गुदाशय काढला आहे का, आणि किती?

कुणाला त्रास जास्त होऊ शकतो?

- गाठ शौचाच्या जागेच्या अगदी जवळ होती आणि जोड खूप खाली आहे.
- गुदाशय जवळजवळ पूर्ण काढला आहे.
- रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार झाला आहे. त्यानं तिथला भाग ताठर होतो. उन्हात पडलेली ठिबकची नळी कडक होते, तसंच.
- पहिल्या ऑपरेशननंतर जोड गळला होता किंवा आत पू झाला होता.
- पिशवी बरेच महिने राहिली आहे.
- अडलेल्या बाळंतपणात खालचा स्नायू फाटला होता. ही गोष्ट कितीही जुनी असली तरी डॉक्टरांना सांगायची. लाजायचं नाही.

ब्रिटन आणि डेन्मार्कमधल्या पेशंटांच्या माहितीवरून डॉक्टरांनी अंदाजाचं एक गणितही तयार केलं आहे. त्याचं नाव 'पोलार्स'. त्यात वय, बाई की पुरुष, गाठीची उंची, गुदाशय किती काढला, पिशवी होती का आणि रेडिएशन झालं का, एवढंच घालावं लागतं.

पण अंदाज म्हणजे भविष्य नव्हे. हवामान खातं जिल्ह्यात पाऊस सांगतं. तो आपल्याच वावरात पडेल असं नाही. तरी आपण तो ऐकून बियाणं आणि खताची तयारी ठेवतोच ना? हेही तसंच आहे. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची बेरीज पाहिली तर गुदाशयाच्या अशा ऑपरेशननंतर १० पैकी साधारण ४ जणांना मोठा त्रास राहतो. बाकीच्यांना तो कमी असतो किंवा नसतोच.

त्रास मोजायचे पाच प्रश्न

डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली पाच प्रश्नांची एक मोजणी दिली. तिला 'लार्स' गुण म्हणतात. गुदाशयाचं ऑपरेशन झालेल्या बाईनं पिशवी बंद झाल्यावर ही मोजणी करायची असते.

१. वारा आवरत नाही असं होतं का? कधीच नाही ०, आठवड्यातून एकदाही नाही पण कधीतरी ४, आठवड्यातून एकदा किंवा जास्त ७.
२. पातळ शौच नकळत होतं का? कधीच नाही ०, कधीही होत असेल तर ३.
३. दिवसरात्रीत किती वेळा जावं लागतं? ७ पेक्षा जास्त वेळा ४, ४ ते ७ वेळा २, १ ते ३ वेळा ०, रोज एकदाही नाही ५.
४. जाऊन आल्यावर तासाभरात परत जावं लागतं का? कधीच नाही ०, आठवड्यातून एकदाही नाही पण कधीतरी ९, आठवड्यातून एकदा किंवा जास्त ११.
५. इतकी घाई होते का की धावतच जावं लागतं? कधीच नाही ०, आठवड्यातून एकदाही नाही पण कधीतरी ११, आठवड्यातून एकदा किंवा जास्त १६.

बेरीज २० पर्यंत असेल तर विशेष त्रास नाही. २१ ते २९ म्हणजे थोडा त्रास, ३० ते ४२ म्हणजे मोठा त्रास. समजा एखादीला वारा कधीतरी आवरत नाही (४), तासाभरात परत जावं लागणं दर आठवड्याला होतं (११) आणि घाईही दर आठवड्याला होते (१६). बेरीज ३१, म्हणजे मोठा त्रास. "पोट बरं नाही" असं सांगण्यापेक्षा हा आकडा वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. दोन-तीन महिन्यांनी परत मोजा, फरक दिसेल.

पिशवी बंद करण्याआधी काय विचारायचं?

डॉक्टरांसमोर बसलं की सगळं विसरायला होतं. म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या: जोड किती खाली आहे? तो भरून आला का, हे तपासलं का? माझी तोटी, म्हणजे खालचा स्नायू, घट्ट आहे का? मला त्रास किती होऊ शकतो? पिशवी ठेवली तर काय, काढली तर काय?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जोड फार खाली असेल आणि स्नायू कमजोर असेल, तर पिशवी ठेवणंच काही जणींना सोयीचं पडतं. कायमची पिशवी ठेवूनही बाया स्वयंपाक करतात, शेतात जातात, लग्नकार्यात वावरतात. घरचे घाई करतात म्हणून किंवा सासर काय म्हणेल म्हणून निर्णय घेऊ नका. पोट आपलं आहे, तर प्रश्नही आपणच विचारायचे.

खर्चाचंही आधी बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दुसरं ऑपरेशन योजनेत बसतं का, हे त्याला भरती होण्याआधीच विचारा.

तयारी काय करायची?

- डॉक्टरांना विचारून पिशवी असतानाच स्नायूचा व्यायाम सुरू करा. वारा रोखतो तसं आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. एका वेळी दहादा, दिवसातून तीनदा.
- संडास घराजवळ हवा. रात्री उजेड आणि पाणी हवं.
- सुरुवातीला भात, केळं, ताक असं साधं खा. ठेचा, तळण आणि जास्त चहा यांनी घाई वाढते. काय खाल्ल्यावर काय झालं, ते लिहून ठेवा.
- घट्ट होण्यासाठी इसबगोल किंवा जुलाब थांबवायची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या. भीतीपोटी उपाशी राहू नका.
- कातडी सोलवटते. कोमट पाण्यानं धुवा, घासू नका, टिपून कोरडं करा आणि मलम लावा.

बहुतेकींचा त्रास पहिल्या वर्ष-दीड वर्षात हळूहळू कमी होतो. तरीही राहिला तर उपाय आहेत: स्नायूचं खास प्रशिक्षण, ठरलेल्या वेळी पाण्यानं आतडं साफ करायची पद्धत, आणि काहीच जमलं नाही तर परत पिशवी. परत पिशवी लावली म्हणजे बाई हरली, असं नाही.

हे दिसलं तर लगेच दवाखाना

ऑपरेशननंतर पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा आणि शौच दोन्ही बंद झालं, ताप आला, पोटात जोराची कळ आली किंवा जखमेतून पू आला, तर घरगुती उपाय करत बसू नका. आतडं अडकलेलं किंवा जोड गळलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आपला गट काय करू शकतो?

अशी सखी गटात असेल तर बैठक संडास जवळ असलेल्या घरी घ्या आणि तिला दाराजवळची जागा द्या. ती मध्येच उठून गेली तर कुणी मान वळवू नका. संडास बांधायला किंवा दुरुस्तीला अंतर्गत कर्ज द्या. ऑपरेशनच्या महिन्यात हप्ता पुढं ढकलायचा असेल तर तसा ठराव करा. ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून मदत मिळते का, तेही बघा. तपासणीला कुणीतरी सोबत जा, प्रश्नांची चिठ्ठी हातात घेऊन.

आणि जी सखी काही महिन्यांपासून "बरं नाही" म्हणून येत नाही, तिच्या घरी एकदा जाऊन या. हा अंक सोबत न्या. तिला मोठ्यानं बोलायचं नसेल तर पाच प्रश्न वाचायला द्या. बेरीज तिची ती करेल.