संस्थेचीही परीक्षा

दहावीचा निकाल लागला की सांगली, मिरज, कराड, सातारा या गावांत बसस्थानकांच्या आसपास नवे फलक दिसू लागतात. ‘फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर. प्रवेश सुरू. शासनमान्य संस्था.’ तुमच्यापैकी काही जण पुढे महाविद्यालयात जातील, तर काही जण हाताला काम देणारा एखादा व्यवसाय शिकतील. ज्यांना व्यवसाय शिकायचा आहे, त्यांनी त्या फलकावरचा एक शब्द नीट वाचावा. तो शब्द म्हणजे ‘शासनमान्य’. हा शब्द रंगवायला पेंटरला पाच मिनिटे लागतात. तो खरा ठरवायला मात्र बरीच तपासणी व्हावी लागते. ती तपासणी कशी होते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे या पाठात पाहू.

आधी एका कार्यशाळेत जाऊ. औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजे आपण जिला आयटीआय म्हणतो ती. तिथल्या फिटरच्या वर्गाला मराठीत ‘जोडारी’ असे नाव आहे. या वर्गात सुरुवातीचे कितीतरी दिवस मुलगा कानस चालवत असतो. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये घट्ट पकडायचा आणि त्याची बाजू घासून सपाट करायची. बघणाऱ्याला हे सोपे वाटते, पण कानस जरा डोलली की कडा गोल होतात. तुकडा तयार झाला असे मुलाला वाटते, तेव्हा तो शिल्प निदेशकांकडे नेतो. निदेशक म्हणजे तिथले शिक्षक. ते तुकड्याला गुण्या लावतात आणि उजेडाकडे धरतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासण्याचे अवजार. सुतार आणि गवंडीही तो वापरतात. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसली, की तुकडा परत व्हाइसमध्ये जातो.

मुलाच्या कामाला निदेशक गुण्या लावतात. पण निदेशकांच्या शिकवण्याला, त्या कार्यशाळेला आणि त्या संस्थेला गुण्या कोण लावतो?

पूर्वी या प्रश्नाची फारशी गरज पडत नसे. मिरजेच्या सतारमेकरांचे उदाहरण घ्या. मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याचे काम दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. हे काम करणारी बरीच घराणी शिकलगारांची, म्हणजे पूर्वी तलवारी आणि हत्यारे घासूनपुसून धार लावणाऱ्यांची. हत्यारांचा जमाना सरला आणि त्या हातांनी सतार, तानपुरा घडवायला घेतला. पंढरपूरच्या बाजूचे मोठे भोपळे आणायचे, ते वाळवायचे, त्यांना लाकडी दांडी जोडायची आणि शेवटी घोडीवर जवारी काढायची. जवारी नीट निघाली तर तार गुंजते, नाहीतर नुसती वाजते. मुलगा हे वडिलांजवळ किंवा चुलत्याजवळ बसून शिकत असे. त्याला प्रमाणपत्र कोणी दिले नाही आणि कोणी मागितलेही नाही. कारण गिऱ्हाईक समोर बसून वाद्य छेडत असे. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब यांच्यासारख्या गवयाचा कान हीच तिथली परीक्षा होती. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कागद आला खरा, पण कसब त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

(कारागीर, उस्ताद, अवजार, सनद, हुन्नर हे मराठी शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. ते फारसी आणि अरबीतून मराठीत आले. तुमच्या उर्दूतला ‘हुनर’ मराठीत येताना एक ‘न’ जास्त घेऊन आला, एवढेच.)

कारखाने आले आणि परिस्थिती बदलली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभारला. ती जागा म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. साताऱ्याकडे धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यात नांगर आणि पुढे डिझेल इंजिने बनू लागली. सातारा आणि सांगली हे तेव्हा दोन जिल्हे नव्हते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कारखान्याला एक-दोन नव्हे तर शेकडो कारागीर लागतात. ते गावोगावहून येतात. प्रत्येकाचा उस्ताद कोण होता आणि त्याने काय शिकवले, हे कारखानदाराला कसे कळणार? दारात उभ्या राहिलेल्या मुलाच्या हातात सर्वांना समजेल असा एक कागद असावा, अशी गरज इथे निर्माण झाली.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली भारत सरकारने शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. आयटीआय या योजनेखाली चालतात. १९५६ मध्ये व्यवसाय प्रशिक्षणासाठी एक राष्ट्रीय परिषद नेमली गेली. कोणत्या व्यवसायाला किती काळ शिकवावे, काय शिकवावे, परीक्षा कशी घ्यावी हे ती ठरवू लागली. त्यामुळे सांगलीच्या मुलाने आणि पंजाबातल्या मुलाने शिकलेले जोडारीकाम एकाच मापाचे झाले. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. रेल्वेत आणि सरकारी कारखान्यांत भरतीच्या वेळी तेच मागतात. त्या परिषदेचे नियमनाचे काम आता राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. ही नवी परिषद २०१८ मध्ये स्थापन झाली आणि २०२० मध्ये तिचे काम सुरू झाले. नावे लांबलचक आहेत, ती पाठ केली नाहीत तरी चालेल.

आता मान्यता देताना काय पाहतात ते सांगतो. इथे थोडे लक्ष द्या.

आधी जागा पाहतात. इमारत संस्थेच्या मालकीची आहे की भाड्याची, भाड्याची असेल तर करार किती वर्षांचा, आणि प्रत्येक व्यवसायाच्या कार्यशाळेचे क्षेत्रफळ ठरलेल्या मापाइतके आहे की नाही, हे तपासतात. मग वीज. वीजजोडणी किती भाराची आहे, हे विजेच्या बिलावरून कळते. वेल्डिंगची यंत्रे मांडली आहेत, पण वीजजोडणी घरगुती वापराची आहे, असे आढळले तर ती यंत्रे चालत नाहीत हे उघड आहे. हा कागद खोटे बोलू देत नाही, म्हणून मला तो फार महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर यंत्रे आणि अवजारे. प्रत्येक व्यवसायाची ठरलेली यादी असते. कानशी किती, व्हर्निअर कॅलिपर किती, लेथ किती, हे त्या यादीप्रमाणे मोजतात. शेवटी निदेशक. त्याचे स्वतःचे शिक्षण काय, त्याला अनुभव किती आणि शिकवण्याचे वेगळे प्रशिक्षण त्याने घेतले आहे का, हे पाहतात. चांगला कारागीर चांगला शिक्षक असतोच असे नाही, हे तुम्हांलाही अनुभवाने माहीत असेल.

या सगळ्यात एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. मान्यता ही संपूर्ण संस्थेला मिळून एकदाच दिली जात नाही. ती व्यवसायाला आणि त्या व्यवसायाच्या तुकडीला मिळते. जोडारीच्या एका तुकडीत सध्या २० जागा असतात. एखाद्या संस्थेला जोडारीच्या दोन तुकड्यांची मान्यता असेल आणि वीजतंत्रीची, म्हणजे इलेक्ट्रिशियनची, मुळीच नसेल, असे होऊ शकते. फलकावर ‘शासनमान्य’ लिहिलेले अगदी खोटे नसते. पण समजा, एका मुलाने त्याच संस्थेत मान्यता नसलेल्या व्यवसायाला प्रवेश घेतला. त्याने दोन वर्षे रोज एसटीने ये-जा केली, अम्मीने शिवणकामातून शुल्क भरले, मुलगा काम शिकलाही. पण राष्ट्रीय परीक्षेला त्याचा अर्जच जाणार नाही. रेल्वेच्या भरतीत त्याला आपल्या हातातली कला दाखवण्याची संधीही मिळणार नाही, कारण तिथे आधी प्रमाणपत्र मागतात. गेलेली दोन वर्षे कोणी परत देत नाही.

तपासणी आहे म्हणजे सगळे ठीक आहे, असेही मानू नका. तपासणी करणारी माणसेच असतात आणि ती एका ठरलेल्या दिवशी येतात. त्या दिवसापुरती यंत्रे दुसरीकडून आणून मांडली तर? भारतीय गुणवत्ता परिषद ही १९९७ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. २०१२-१३ च्या सुमारास नव्या आयटीआयना मान्यता देण्याआधी तिच्याकडून तपासून घेणे आवश्यक झाले. हेतू चांगला होता. सरकारी कचेरीबाहेरच्या तज्ज्ञांनी पाहावे, म्हणजे काम लवकर आणि नीट होईल, असा विचार होता. काम लवकर झाले यात शंका नाही. २०१८ साली संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीने याचा हिशोब मांडला. सुमारे साठ वर्षांत देशात सरकारी आणि खासगी मिळून जवळपास चार हजार संस्था झाल्या होत्या. २००७ नंतरच्या दहा वर्षांत त्यांत नऊ हजारांहून अधिक खासगी संस्थांची भर पडली. मान्यता देताना ठरलेली मापे पाळली गेली नाहीत, असे ताशेरे समितीने ओढले. गुण्या हातात होता, पण तो उजेडाकडे धरला गेला नाही, असेच म्हणावे लागेल. माझ्या मते यात दोष केवळ खासगी संस्थांचा नाही. शिकू इच्छिणारी मुले खूप आणि सरकारी जागा कमी, अशी स्थिती असली की घाई होते.

त्याच काळात आणखी एक पद्धत सुरू झाली. आधीपासून चालू असलेल्या संस्थांना गुण देऊन श्रेणी लावायची. मान्यता सुरुवातीला मिळते, श्रेणी मात्र संस्था प्रत्यक्ष कशी चालली आहे ते सांगते. किती जागा भरल्या, किती मुले उत्तीर्ण झाली, किती जणांना काम मिळाले, यंत्रे चालू आहेत का, अशा बाबींवर गुण असतात. आधी संस्था स्वतःच स्वतःला गुण देते आणि मग बाहेरचे तपासनीस ते पडताळतात. तुमच्या शाळेत तुम्हांला स्वतःचा पेपर स्वतः तपासायला दिला तर काय होईल, ते तुम्ही जाणताच! म्हणून पडताळणी महत्त्वाची. ही श्रेणी उपयोगी आहे, पण ती संपूर्ण संस्थेची असते. तुम्हांला ज्या वर्गात बसायचे आहे तिथले निदेशक कसे शिकवतात, ते तिच्यावरून कळत नाही.

मग तुम्ही काय करावे? महाराष्ट्रात सरकारी आणि खासगी अशा दोन्ही प्रकारच्या आयटीआयचे प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून होतात. तिथे प्रत्येक संस्थेचे नाव आणि तिथले व्यवसाय दिलेले असतात. तुम्हांला हवा असलेला व्यवसाय त्या संस्थेच्या नावापुढे आहे का, ते पाहा. सरकारी संस्थांचे शुल्क बरेच कमी असते. राज्यातल्या काही सरकारी संस्थांत अल्पसंख्याक समाजातील विद्यार्थ्यांसाठी वेगळी पाळीही चालते. तिची चौकशी अवश्य करा. प्रवेश घेतल्यावर हजेरी ८० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. आणि एक साधी गोष्ट: कार्यशाळेत निदेशक बहुधा मराठीतच बोलतात. तेव्हा मराठीचा हा तास कामाला येईल.

अर्ज भरण्यापूर्वी अब्बांना किंवा मामूंना घेऊन ती संस्था एकदा बघून या. सुट्टीच्या दिवशी नको, काम चालू असताना जा. कार्यालयातल्या खुर्चीवर बसून परत येऊ नका, कार्यशाळा दाखवा म्हणा. तिथे व्हाइसखालची फरशी पाहा. मुले रोज काम करत असतील तर तिथे लोखंडाचा कीस पडलेला असतो, कानशींच्या मुठी घामाने काळ्या झालेल्या असतात, भंगाराच्या पेटीत बिघडलेले तुकडे असतात. सगळी अवजारे कुलूपबंद कपाटात नवी कोरी चमकत असतील, तर ती कोणासाठी आणली आहेत ते विचारा. मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठा आणि त्याने गेल्या महिन्यात काय बनवले ते विचारा. खिशातून किंवा पिशवीतून तो एखादा घासलेला तुकडा काढून दाखवील, तर गुण्या मागून घ्या आणि तुम्हीच तो उजेडाकडे धरून पाहा.