संडास तुंबतो कां?

कचेरी, दुकान किंवा उपाहारगृह यांचा दर्शनी भाग आरशासारखा लखलखीत, आणि मागील संडासांत मात्र पाऊल ठेववत नाहीं, असा प्रकार आपल्या सर्वांच्या पाहण्यांत आहे. विषय नाक मुरडण्यासारखा वाटला तरी आरोग्याशीं त्याचा निकट संबंध आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रचना पाहूं. भांड्याखालीं नळाला एक वांकण असतें. कारागीर त्याला ट्रॅप म्हणतात. त्यांत सुमारें दोन इंच पाणी नेहमीं साचून राहतें व गटाराची दुर्गंधी वर येऊं देत नाहीं. कमिंग नांवाच्या घड्याळजीनें सन १७७५ मध्यें लंडन येथें अशा वांकणाच्या संडासाचें पेटंट घेतलें. हें वांकण उपकारक खरें. परंतु जी वस्तु पाण्यांत विरत नाहीं ती बहुधा येथेंच अडकते.

कागद तेवढा सारखाच, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. विद्यार्थ्यांनीं घरीं प्रयोग करावा. दोन पेल्यांत पाणी घेऊन एकांत टॉयलेट पेपर व दुसऱ्यांत हात पुसण्याचा जाड कागद टाकावा आणि ढवळावें. पहिल्याचा लवकरच लगदा होईल. दुसरा बहुतांशीं अखंड राहील. ओला झाला तरी फाटूं नये म्हणून त्यांत बळकटी आणणारें द्रव्य मुद्दाम घातलेलें असतें. ओले वाइप्स तर कित्येकदां प्लास्टिकच्या तंतूंचे असतात. सन २०१७ मध्यें लंडनच्या व्हाइटचॅपल भागांतील गटारांत चरबी व वाइप्स यांचा सुमारें २५० मीटर लांब व १३० टन वजनाचा थर सांपडला होता. मासिक पाळीचे पॅड पाणी शोषून फुगतात. चहाचा चोथा तळाशीं बसतो.

लोक असें कां करितात? पुष्कळदां टाकावयास दुसरी जागाच नसते. आंत झांकणाची बादली नसेल, तर पॅड हातांत धरून चारचौघांतून बाहेर यावें, अशी अपेक्षा कोणत्या स्त्रीकडून करावी? दोष एकट्या वापरणाराचा नव्हे, धन्याचाहि आहे.

उपाय सोपे आहेत. प्रत्येक संडासांत झांकणाची बादली ठेवून ती रोज रिकामी करावी. काय टाकूं नये याची पाटी, येणाऱ्याजाणाऱ्यास समजेल अशा भाषेंत, दाराच्या आंतल्या बाजूस लावावी. टांकींत पाणी आहे कीं नाहीं हें रोज पाहावें. दोन बटणें असल्यास शौचानंतर मोठें दाबावें. पाणी सावकाश उतरूं लागतांच रबरी वाटीच्या दांड्यानें वाट मोकळी करावी. पुनःपुन्हा पाणी सोडल्यास भांडें भरून वाहतें. तेजाब ओतूं नये. मागाहून काम करणाराचे हात व डोळे त्यानें भाजतात.

कारण तुंबलेला नळ शेवटीं कोणाला तरी मोकळा करावाच लागतो. माणसाकडून हातानें मैला काढविण्यास, तसेंच संरक्षक साधनांवांचून त्यास गटारांत उतरविण्यास, २०१३ च्या कायद्यानें मनाई आहे. तरीहि गटारांत गुदमरून माणसें मेल्याचीं वृत्तें येतच असतात. आपण क्षणांत टाकलेल्या वस्तूचें मोल दुसरा असें देतो.

आज बांकांवर बसणारीं मुलें उद्यां कचेऱ्यांतून बसतील. तेव्हां त्यांनीं हें स्मरावें. आणि ज्या पालकांचें दुकान आहे, त्यांनीं उद्यांची वाट न पाहतां आजच एक झांकणाची बादली आणावी, इतकीच आमची विनंती.